जिन्यातला दिवा, पाच बेल-पुश आणि एक उनो: एकदा दाबलं तरी दोनदा का होतं?

तिसरा_मजला

तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी एक बेल-पुश, पाचही समांतर. तळमजल्याच्या डब्यात आर्डुइनो उनो, म्हणजे छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. बटणांची एक तार ग्राउंडला, दुसरी पिन २ ला, आणि ती पिन 'इनपुट पुलअप'वर, म्हणजे बटण सुटलेलं असताना आतला रेझिस्टर पिन हाय धरून ठेवतो, दाबलं की लो. पिन ७ वर निळ्या रिलेचं एका चॅनेलचं मॉड्यूल, त्यावर ९ वॅटचे पाच एलईडी दिवे. सगळ्यात लांबच्या बटणापर्यंत तार साधारण १५ मीटर, लाईटच्याच पाइपातून ओढलेली.

प्रोग्राम अगदी साधा आहे. पिन लो दिसली की दिव्याची स्थिती उलटी करायची, मग डिले ३०० (मिलिसेकंद थांबणं), की पुन्हा वाचायचं.

तक्रारी तीन:
एक, बटण दाबलं की कधीकधी दिवा लागून लगेच विझतो.
दोन, पाण्याचा पंप सुरू झाला की कुणी हात न लावता दिवा लागतो.
तीन, लाईट जाऊन आली की रिले एकदा 'टक' करतो आणि दिवे क्षणभर चमकतात.

डिले ५० वरून ३०० पर्यंत नेला. पहिली तक्रार कमी झाली, गेली नाही. प्रोग्राममध्ये काय बदलू?

वायरछाटू

डिबाऊन्स कर. पुढचा प्रश्न?

ओहमकार

वायरछाटू घाईत दिसतात, जरा सविस्तर सांगतो. बटणाची पत्री एकमेकांवर आपटते तेव्हा एका दाबात संपर्क अनेकदा जुळतो-तुटतो. साध्या बटणात हा गोंधळ १ ते १० मिलिसेकंद चालतो, जुन्या झिजलेल्या बटणात जास्तही. कंट्रोलर १६ मेगाहर्ट्झवर पळत असल्याने त्याला प्रत्येक उडी वेगळा दाब वाटते. म्हणून बदल दिसला की २० ते ५० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचायचं, तेव्हाही तीच स्थिती असेल तर खरं मानायचं. हाच डिबाऊन्स.

हार्डवेअरमध्ये करायचं तर १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, म्हणजे १० मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, आणि पुढे ७४एचसी१४ चं श्मिट गेट, जे सावकाश बदलणारा सिग्नल स्वच्छ हाय-लो करतं. उनोच्या पिनला स्वतःचा थोडा हिस्टेरेसिस (हाय आणि लो मानण्याच्या पातळ्यांमधलं अंतर) असतो, त्यामुळे गेट नसलं तरी बहुतेक वेळा निभावतं.

खटकेबाज

दिवा लावायला सोळा मेगाहर्ट्झ! दोन टू-वे खटके आणि मधल्या तीन मजल्यांवर तीन इंटरमिजिएट खटके लावा, पाच ठिकाणांहून दिवा चालू-बंद होतो. ना प्रोग्राम, ना डिबाऊन्स, ना हा धागा.

सोल्डरताई

खटकेबाज, बरोबर आहे. पण मग प्रत्येक मजल्यावरून दोन-दोन ट्रॅव्हलर तारा (एका खटक्यापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या) खेळवाव्या लागतात. बेल-पुशच ठेवायचे असतील तर बाजारात इम्पल्स रिले मिळतो: एक दाब चालू, दुसरा दाब बंद. स्टेअरकेस टायमरही मिळतो, तो डीबीमध्ये, म्हणजे मेनच्या डब्यात, एमसीबीशेजारी बसतो. कंट्रोलर हवाच असेल तर तो का हवा हे आधी कळू दे.

तिसरा_मजला

दिवा रात्रभर जळत राहू नये म्हणून. तीन मिनिटांनी आपोआप विझायला हवा. शिवाय सामान हलवताना कायम चालू ठेवण्याची सोय हवी. तयार टायमर पाहिले, पण पुढे संध्याकाळनंतरच बटण चालावं असं करायचं आहे.

लॅबमास्तर

पहिली तक्रार बाऊन्सिंगची नाहीच. ३०० मिलिसेकंदांचा डिले असताना १० मिलिसेकंदांच्या उड्या कशा दिसतील? दाबतानाच्या उड्या डिलेमध्ये गिळल्या जातात. तुमचा प्रोग्राम पिनची पातळी बघतोय, कड (हायवरून लो होण्याचा क्षण) बघत नाही. सावकाश दाबणारा माणूस बटण अर्धा सेकंद सहज धरतो. ३०० मिलिसेकंद संपले, पिन अजून लो, की दिवा पुन्हा उलटा. डिले वाढवल्यावर तक्रार कमी झाली तीही याचमुळे, कारण तेवढा वेळ धरून ठेवणारे लोक कमी.

एक बारीक शक्यता राहते: बटण सोडलं तेव्हाच्या उड्या नेमक्या डिले संपल्यावर आल्या तर. तीही कड बघितली आणि डिबाऊन्स केला की जाते.

करायचं असं. मागची स्थिरावलेली स्थिती एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. दर ५ मिलिसेकंदांनी पिन वाचा आणि ते बिट आठ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये डावीकडून सरकवत न्या. आठही बिट शून्य झाले म्हणजे ४० मिलिसेकंद सलग दाबलेलं आहे. आठही एक झाले म्हणजे सुटलं. मधलं काहीही आलं तर जुनी स्थिती कायम. आणि काम फक्त 'सुटलेलं' ते 'दाबलेलं' या बदलावर करायचं. कुणी बटणात काडी खोचून ठेवली तरी एकच दाब मोजला जाईल.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. जिन्यात टॉगल (दर दाबाला स्थिती उलटी) ठेवूच नका. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस दिवा लावायला दाबतो आणि त्याच वेळी चौथ्यावरचाही दाबतो, की दोघे अंधारात. दाबण्याचा अर्थ एकच ठेवा: 'तीन मिनिटं आत्तापासून'. दिवा बंद असेल तर लागेल, चालू असेल तर वेळ वाढेल. मग एका दाबाचे पाच मोजले गेले तरी कुणाचं बिघडत नाही. डिबाऊन्सचा प्रश्न सुटतो म्हणण्यापेक्षा तो उरतच नाही.

वायरछाटू

मास्तर, मान्य. माझी एक ओळ मागे.

ईएसपीवाला

लूपमध्ये वाचत बसण्यापेक्षा इंटरप्ट लावा ना, पिन बदलली की चालू काम थांबवून तो कोड लगेच चालतो. पिन २ वर इंटरप्ट आहेच. आणि उनो काढून ईएसपी३२ (वायफायचा बोर्ड) टाका, मोबाइलवरूनही दिवा लागेल.

लॅबमास्तर

माणसाच्या बोटासाठी इंटरप्ट नको. प्रत्येक उडीला, आणि तारेवर आलेल्या प्रत्येक झटक्याला, इंटरप्ट लागेल. पोलिंगमध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने वाचत राहण्यात, त्यातले बहुतेक आपोआप गळून पडतात. इंटरप्टच्या आत डिले चालत नाही, मिलिसचा (बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांचा) आकडा तिथे पुढे सरकत नाही, व्हेरिएबल व्होलटाइल (कधीही बदलू शकणारं) जाहीर करायचं राहिलं की कंपायलर ते रजिस्टरमध्ये धरून बसतो. झोपेतून जागं करायचं असेल, बॅटरीवरचं काम असेल, तेव्हा इंटरप्ट. इथे उनोला दुसरं काम काय आहे?

सोल्डरताई

ईएसपी३२ घेतलाच तर पिन बघून घ्या. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुलअप नाही. प्रोग्राममध्ये पुलअप लिहिलात तरी पिन तरंगतच राहते, ना धड हाय ना लो. पिन १२ सुरुवातीला हाय असेल तर बऱ्याच बोर्डांवर फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं निवडलं जातं आणि बोर्ड उठतच नाही. पिन ० ला बटण लावलं आणि लाईट येताना कुणी दाबून धरलं तर बोर्ड प्रोग्राम घ्यायच्या मोडमध्ये जाऊन बसतो. जुन्या ईएसपी८२६६ च्या बोर्डावर डी३, डी४, डी८ अशाच नाजूक, डी१ आणि डी२ निर्धोक. आणि सगळं ३.३ व्होल्टचं, पिनेवर ५ व्होल्ट देऊ नका.

८०५१_प्रेमी

आमच्या डिप्लोमाच्या पोरांना ८९सी५१ वर (८०५१ घराण्यातली चिप) हेच करायला देतात. तिथे एक गंमत. पोर्ट १, २, ३ ला आतला पुलअप असतो, पोर्ट ० ला नसतो, त्याला बाहेरून १० किलोओहम लावावा लागतो. बटण पोर्ट ० वर आणि पुलअप नाही, ही प्रॅक्टिकलच्या परीक्षेतली ठरलेली चूक. दुसरी म्हणजे एलईडी पिनपासून ग्राउंडकडे जोडणं. ही चिप पिनेतून बाहेर द्यायला काही मायक्रोअँपिअरच देते, आत ओढायला मात्र १० मिलिअँपिअरपर्यंत. म्हणून एलईडी नेहमी ५ व्होल्टकडून पिनेकडे.

खटकेबाज

धागा जिन्यातून कॉलेजात गेला. दिवा अजून आपोआप लागतोच आहे.

ओहमकार

दुसऱ्या तक्रारीकडे येऊ. पंपाची. आकडे मांडले की गोष्ट उघड होते.

उनोचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहम असतो, मधला ३५ धरा. शेजारून जाणाऱ्या दोन तारांमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला तर १५ मीटरला १.५ नॅनोफॅरड. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यातून येणारा प्रवाह सुमारे ०.११ मिलिअँपिअर. हाच प्रवाह ३५ किलोओहममधून गेला की ३.८ व्होल्ट. म्हणजे पंप नसतानाही तुमची पिन काठावर नाचते आहे. दिवा रोज आपोआप लागत नाही हेच नवल. पंपाच्या स्टार्टरचा झटका ५० हर्ट्झपेक्षा कितीतरी वेगवान असतो, त्यामुळे त्यातून येणारा प्रवाह आणखी मोठा.

पुलअप १ किलोओहम असता तर तोच ०.११ मिलिअँपिअर ०.११ व्होल्ट करतो. पिनेला पत्ताही लागत नाही.

तिसरा_मजला

म्हणजे प्रोग्राममध्ये काही नाही? फक्त १ किलोओहम लावला तर भागेल?

ओहमकार

आधी झटका कुठून येतोय ते पक्कं करा. बटणांची तार पिन २ वरून काढा, पिन २ आणि ५ व्होल्ट यांच्यात १ किलोओहम लावा आणि पंप चालू-बंद करा. दिवा गप्प राहिला तर चोर तारेत आहे. तरीही लागला तर चोर पुरवठ्यात आहे, मग अडॅप्टर, ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरड, रिलेच्या कॉइलचा पुरवठा वेगळा, असं बघावं लागेल.

सोल्डरताई

आणि त्याआधी एक गोष्ट, जी कुणीच बोललं नाही. पाच व्होल्टची तार २३० व्होल्टच्या पाइपात नको. झटक्यांचा प्रश्न नंतर. फेजच्या तारेचं आवरण कुठे सोललं गेलं तर २३० व्होल्ट थेट उनोत येतात, आणि उनोला लॅपटॉप जोडलेला असेल तर लॅपटॉपमध्येही. बटणांसाठी वेगळी पट्टी मारा, लाईटच्या पाइपापासून हातभर लांब, आणि जिथे ओलांडायची तिथे काटकोनात. नेटवर्कची कॅट५ केबल उत्तम, तिच्या जोड्या आधीच पिळलेल्या असतात. बटणाची ये-जा एकाच जोडीत घ्या. एक तार निळ्या जोडीतली आणि दुसरी हिरव्या जोडीतली घेतली तर पिळाचा फायदा गेला.

ईएसपीवाला

कॅट५ ची बारीक तार, इतक्या लांब. व्होल्टेज ड्रॉप?

सोल्डरताई

एका तारेला १०० मीटरला नऊ-साडेनऊ ओहम. ये-जा मिळून ३० मीटर म्हणजे ३ ओहमच्या आसपास. १० मिलिअँपिअरला ०.०३ व्होल्ट.

फक्त केबल शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्क्रू टर्मिनलमध्ये काही महिन्यांनी ढिली पडते आणि बटण 'कधी चालतं कधी नाही' असं वागू लागतं. ओळखायची असेल तर टोक चाकूने खरवडा, आत पांढरट निघालं की दुकानात परत.

लॅबमास्तर

ओहमकारांच्या हिशोबात एक भर. बेल-पुश २३० व्होल्टसाठी बनवलेला असतो. त्याच्या संपर्कावर पातळ ऑक्साइडचा थर बसतो, तो फोडायला थोडा प्रवाह लागतो. आतल्या पुलअपने ०.१४ मिलिअँपिअर जातो, तो पुरत नाही. नवीन असताना चालतं, एका पावसाळ्यानंतर जोरात दाबावं लागतं. १ किलोओहमने ५ मिलिअँपिअर होतात, ते बरं. १२ व्होल्टचा लूप आणि ऑप्टोकपलर (आत एलईडी आणि त्याच्या उजेडाने चालू होणारा ट्रान्झिस्टर) हा त्याहून पक्का मार्ग.

मांडणी: १२ व्होल्टपासून १ किलोओहम, तिथून तार वर पाचही बटणांकडे, परत येऊन पीसी८१७ या ऑप्टोच्या एलईडीत, तिथून १२ व्होल्टच्या ग्राउंडला. (१२ − १.२) ÷ १००० म्हणजे पावणेअकरा मिलिअँपिअर. रेझिस्टरमध्ये ०.१२ वॅट जातो, पाव वॅटचा चालतो. हा रेझिस्टर डब्यातच, सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे वर तार ग्राउंडला टेकली तरी अडॅप्टर शॉर्ट होत नाही. ऑप्टोच्या एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड लावा; पीसी८१७ उलट्या दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सोसतो. एलईडीच्या दोन टोकांत १ किलोओहम समांतर, म्हणजे पहिला एक मिलिअँपिअर बाजूने निघून जातो आणि किरकोळ झटक्याला ऑप्टो जागा होत नाही. ऑप्टोच्या ट्रान्झिस्टरच्या बाजूला कलेक्टर पिन २ ला, १० किलोओहम ५ व्होल्टकडे, ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडकडे, एमिटर ग्राउंडला. बटण दाबलं की पिन लो. प्रोग्रामला काही फरक कळत नाही.

वायरछाटू

१२ व्होल्ट आणि उनो एकाच अडॅप्टरवर असतील तर दोन्हींचं ग्राउंड एकच. मग ऑप्टोने वेगळेपण काय दिलं?

लॅबमास्तर

पूर्ण वेगळेपण नाही मिळत, खरं आहे. पण इथे त्यासाठी लावलेलाच नाही. पिनला व्होल्टेज पुरतं, ऑप्टोला प्रवाह लागतो. ०.११ मिलिअँपिअरची घुसखोरी समांतरच्या १ किलोओहममध्येच संपते, एलईडीवर ०.११ व्होल्टच पडतात. खरं वेगळेपण हवं असेल तर लूपला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर, स्वस्तात होतं.

एकच अडॅप्टर ठेवलात तर १२ व्होल्ट उनोच्या गोल जॅकमध्ये देऊन रिले त्याच्या ५ व्होल्टवर चालवू नका. रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर, उनो स्वतः ५०. (१२ − ५) × ०.१२ म्हणजे ०.८४ वॅट त्या चिमुकल्या रेग्युलेटरवर, बंद डब्यात. एलएम२५९६ चं व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल घ्या, काहीही जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून ५.० व्होल्टला फिरवा, आणि मगच उनोच्या ५ व्होल्ट पिनेला द्या. मॉड्यूल दुकानातून येताना किती व्होल्टवर असेल याचा भरवसा नाही.

बुधवारी_फेरी

सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. ऑप्टो घेताना चार पायांचा घ्या आणि ठिपका असलेला पाय १, म्हणजे एलईडीचा प्लस. हातात धरल्यावर ठिपका दिसला नाही तर मल्टिमीटरच्या डायोड मोडवर १.१ व्होल्टच्या आसपास दाखवेल ती एलईडीची बाजू.

नुसताच_वाचक

मध्येच विचारतो. ब्रेडबोर्डवर चार पायांचं छोटं बटण लावलं की माझा एलईडी कायम लागलेलाच राहतो. प्रोग्राम बरोबर आहे.

ओहमकार

बटण ९० अंशांत फिरवून लावा. चार पायांपैकी समोरासमोरचे दोन-दोन आतून कायम जोडलेले असतात. ६ बाय ६ च्या बटणाचे पाय ज्या दोन बाजूंनी बाहेर येतात, त्या बाजू ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेच्या अल्याड-पल्याड यायला हव्यात. खात्री नसली तर तिरप्या कोपऱ्यांतले दोन पाय वापरा, ते कधीच चुकत नाहीत.

एलईडीला रेझिस्टर आहे ना? ५ व्होल्ट, लाल एलईडी, २२० ओहम म्हणजे साडेतेरा मिलिअँपिअर. उनोची पिन २० पर्यंतच वापरावी, ४० ही तोडायची हद्द आहे, वापरायची नव्हे.

नुसताच_वाचक

फिरवलं, झालं. धन्यवाद!

तिसरा_मजला

ओहमकारांची चाचणी केली. तार काढल्यावर पंप चालू-बंद केला तरी दिवा गप्प. म्हणजे चोर तारेत. वेगळ्या पट्टीतून कॅट५ टाकून मास्तरांचा ऑप्टो बसवला, पंपाचा त्रास थांबला. प्रोग्रामही बदलला: कड, आठ बिट, आणि 'तीन मिनिटं आत्तापासून'.

आता नवीनच. दिवा लागतो, पण विझतच नाही. अट अशी आहे: मिलिस वजा सुरुवात, हे ३ × ६० × १००० पेक्षा जास्त झालं की बंद. सुरुवात अनसाइन्ड लाँग (३२ बिटांचा, ऋण नसलेला पूर्णांक) आहे.

लॅबमास्तर

उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. ३ × ६० × १००० हा गुणाकारही १६ बिटांतच होतो. १,८०,००० त्यात मावत नाही, गुंडाळून −१६,६०८ होतं. ही ऋण संख्या अनसाइन्ड लाँगशी ताडताना ४,२९,४९,५०,६८८ बनते. इतके मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ ५० दिवस. तुमचा दिवा विझेल, पण दीड महिना उलटून गेल्यावर.

तीनला चिकटून पुढे यूएल लावा (3UL), गुणाकार ३२ बिटांत होईल. कंपायलर याची सूचना देतो, पण आर्डुइनोच्या संपादकात सूचना मुळात बंद असतात. प्राधान्यांमध्ये जाऊन 'सर्व' करा. वजाबाकी केलीत ते चांगलं. 'सुरुवात अधिक तीन मिनिटं' असं लिहिलं असतं तर मिलिसचा आकडा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो तेव्हा घोळ झाला असता. वजाबाकीत होत नाही.

खटकेबाज

दीड महिन्याने विझणारा दिवा. सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर व्हायला लागतो तेवढाच वेळ.

सोल्डरताई

तिसरी तक्रार राहिली की. ही रिले मॉड्यूल बहुतेक ॲक्टिव्ह लो असतात, इन पिन लो झाली की रिले ओढतो. उनो सुरू होताना पिना इनपुट असतात, रिले सुटलेला. मग तुम्ही पिनमोड आउटपुट लिहिता, पिन लगेच लो होते, रिले 'टक'. पुढच्या ओळीत हाय लिहिता, रिले सुटतो. दोन ओळींची अदलाबदल करा: आधी डिजिटलराइट हाय, मग पिनमोड आउटपुट. पिन थेट हाय होऊनच आउटपुट बनते. आणि रिले पिन १३ वर लावू नका, बूटलोडर (तुमच्या प्रोग्रामच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) सुरू होताना ती पिन लुकलुकवतो.

ईएसपीवाला

लाईट आल्यावर दिवा आधीच्या स्थितीत यायला हवा तर ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा.

ओहमकार

जिन्याच्या दिव्याला कशाला? लाईट आली की बंद, ज्याला हवा तो दाबेल. तरी हिशोब सांगतो: त्या चिपच्या ईईप्रॉमची एक जागा १,००,००० वेळा लिहिण्यापर्यंत हमीची. दिवसाला ५० वेळा लिहिलं तर साडेपाच वर्षं. किंमत बदलली तरच लिहिणारं 'अपडेट' वापरूनही बचत होत नाही, कारण प्रत्येक वेळी किंमत बदलतेच.

८०५१_प्रेमी

वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला की बोर्ड रिसेट करणारा टायमर) चालू करा, दोन सेकंदांचा. पण उनोऐवजी जुना नॅनो (आर्डुइनोचाच छोटा बोर्ड) वापरत असाल तर सांभाळून. त्याचा जुना बूटलोडर वॉचडॉग बंद करत नाही, आणि एकदा रिसेट झाला की बोर्ड रिसेटच्या फेऱ्यात अडकतो. नवा बूटलोडर टाकला की प्रश्न नाही.

तिसरा_मजला

ओळी बदलल्या, टक बंद. यूएल लावला, तीन मिनिटांनी दिवा विझतो. पण विझल्यावर पाचही दिवे अगदी मंद, काजव्यासारखे दिसतात. आधी लक्षात आलं नव्हतं.

सोल्डरताई

मेन बंद करून बघा रिले फेज तोडतोय की न्यूट्रल. फेज एमसीबीतून रिलेच्या कॉमनला, एनओमधून (रिले ओढल्यावरच जुळणाऱ्या टोकातून) दिव्यांना, न्यूट्रल थेट दिव्यांना, असंच हवं. न्यूट्रल तोडत असाल तर दिव्यावर फेज कायम राहते, ते मंद जळणं त्याचंच, आणि दिवा बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो. जोडणी बरोबर असेल तर रिलेच्या संपर्कावर स्नबर (ठिणगी आवरायचा कपॅसिटर) लावलाय का बघा. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला ७ मिलिअँपिअर सतत वाहतात, एलईडी दिव्याला तेवढे पुरे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, सामाईक मीटरचं आहे.

तिसरा_मजला

न्यूट्रलच तोडत होता. वायरमनने बदलून दिलं, मंद उजेड गेला.

लॅबमास्तर

बाकी रिलेवर १० अँपिअर छापलंय ते साध्या तापणाऱ्या लोडचं. प्रत्येक एलईडी दिव्यात कपॅसिटर असतो, पाचही एकदम भरताना क्षणभर मोठा झटका येतो आणि संपर्क हळूहळू चिकटतात. मग प्रोग्राम कितीही 'बंद' म्हणाला तरी दिवा चालूच. फेजमध्ये थंड असताना १० ओहमचा एनटीसी (तापला की रोध कमी होणारा रेझिस्टर) लावला की झटका आवरतो. तो गरम होतो, प्लास्टिकला टेकू देऊ नका.

तिसरा_मजला

शेवटचा प्रश्न. जुन्या बेल-पुशांमध्ये अंधारात दिसणारा इंडिकेटर होता. १२ व्होल्टवर तो लागत नाही. बटणाच्या दोन टोकांत एलईडी आणि १० किलोओहम लावू का?

लॅबमास्तर

नको. तो जुना इंडिकेटर निऑनचा दिवा असतो. निऑन लागायला निदान साठ-सत्तर व्होल्ट लागतात, म्हणून तो गप्प आहे, काढून टाका. पण बटणाला समांतर एलईडी लावला तर त्याचा प्रवाह ऑप्टोमधूनच परततो. एकाचा साधारण ०.८ मिलिअँपिअर, तेवढा समांतरचा १ किलोओहम गिळतो. पाच मिळून तीनच्या आसपास, म्हणजे ऑप्टो कायम जागा आणि दिवा कायम चालू.

कॅट५ मध्ये तीन जोड्या रिकाम्या आहेत. त्यातल्या एका जोडीवर डब्यातून वेगळे १२ व्होल्ट आणि ग्राउंड वर न्या, तिलाही सुरुवातीला १०० ओहम. प्रत्येक मजल्यावर त्या जोडीच्या मध्ये हिरवा एलईडी आणि १० किलोओहम. एका इंडिकेटरला १ मिलिअँपिअर, जिन्यात बटण शोधायला भरपूर. बटणाच्या जोडीला हात लावू नका.